निळ्या पेल्यातलं तेल

मला वास येत नाही, ही गोष्ट मी तीन वर्षं घरात कुणालाच सांगितली नव्हती. साथीच्या दुसऱ्या वर्षी ताप आला. आठ दिवस अंथरुणात होते. उठले तेव्हा चहा म्हणजे नुसतं गरम गोड पाणी झालं होतं. येईल हळूहळू, असं वाटलं. पण आला नाही. गोड, खारट, आंबट, कडू आणि तिखटाची आग एवढं जिभेला कळायचं. त्यापलीकडचं काहीच कळेना.

दुसरी कुणी असती तर चार जणींना सांगून मोकळी झाली असती. पण परभणीजवळ झरीत आमचा लाकडी घाणा आहे, आणि त्या घाण्याचं सगळं माझ्या नाकावर चालायचं. बी दमट आहे का, पोत्यात कुठे बुरशी धरली आहे का, तेल निघताना तापून करपट होतंय का, निवळून झाल्यावर कॅनमध्ये भरण्याजोगं आहे का, हे सगळं मी वास घेऊन सांगायची. माझे मालक मोटर बघायचे, पोती उचलायचे, पेंड विकायचे. तेल झालं का, हे मात्र मला विचारायचे. मी मान हलवली की कॅन भरायचा. आजूबाजूच्या गावांतून बाया यायच्या आणि बाटली पुढे करून म्हणायच्या, तुमी हुंगून दिलं की आमाला बघावं लागत न्हाई.

ताप उतरल्यावरही मालकांनी विचारलं, झालं का तेल? मी वाकून वास घेतल्यासारखं केलं आणि हो म्हणाले. तो पहिला हो फार सोपा गेला. पुढे रोजचंच झालं. मी रंग बघायची, बोटावर घेऊन चोळायची, कॅनवर खडूनं तारीख लिहून ठेवायची. लेक कॉलेजातून सुट्टीला आली की सहज विचारल्यासारखं विचारायची, बघ बरं कसा वास येतोय. ती म्हणायची, छान येतोय की. मग दोन दिवस मला बरी झोप लागायची.

परभणीतली एक मुलगी आमच्याकडे आली ती तापानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात. तिशीची असेल. पाच-सहा वर्षं तिनं नाशिककडच्या द्राक्षमळ्यांत गाइडचं काम केलं होतं. सकाळी पाहुणे बसमधून उतरवायचे, मळा दाखवायचा, वाइनचे चार-पाच प्रकार घोट घोट चाखवायचे, त्याबरोबर बाहेरच्या देशातून आलेलं ऑलिव्हचं तेल पावाच्या तुकड्यावर द्यायचं आणि संध्याकाळी परत पाठवायचे. वडील आजारी पडले म्हणून ती परभणीला परत आली होती, आणि तसंच काहीतरी इथं करायचं तिच्या मनात होतं. सकाळी शेतात हुरडा, दुपारी जेवण आणि मग घाण्यावर तेलाची चव. वाइनची एखादी बाटलीही ठेवता येईल असं ती म्हणाली, तेव्हा मालकांनी दारात बाटली नको म्हणून सांगितलं. तिनं लगेच मान्य केलं. तेलावरच दिवस उभा करू, म्हणाली.

मालकांना ती कल्पना फार आवडली. करडईचं तेल शहरातली माणसं विसरली, ती स्वतःहून आपल्या दारात येणार, याचंच त्यांना अप्रूप. बोलता बोलता ते तिला म्हणाले की आमच्या हिच्या नाकाला तोड नाही, डोळे बांधा, कोणतं तेल आहे ते सांगेल.

मुलीनं वहीतून मान वर केली. “खरंच काकू? मग तसंच करू. मी सहा पेले भरीन, क्रम तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही पाहुण्यांसमोर ओळखायचं. त्यात एक खराब तेलही ठेवू. चांगलं म्हणजे काय, हे खराब हुंगल्याशिवाय लोकांना कळत नाही.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओट्यावर आम्ही तिघंच होतो. पण मालक माझ्याकडे अशा कौतुकानं बघत होते की मी म्हणाले, करू की.

तरी मनात एक आधार होता. रंग. करडई फिकी, तीळ गडद, जवस तांबूस पिवळं, शेंगदाणा मध्ये कुठेतरी. रंग बघून निभावता येईल. चार दिवसांनी ती पेले घेऊन आली. गर्द निळ्या काचेचे, छोटे, पोटात फुगीर. ऑलिव्हचं तेल चाखताना असेच वापरतात, ती म्हणाली, म्हणजे रंगावरून कुणी अंदाज बांधत नाही. तिनं एकात तेल ओतून मला दाखवलं. आतलं तेल काळं दिसत होतं. कुठलंही असतं तरी काळंच दिसलं असतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी नीट जेवले नाही. मालक बाजाराला गेले की वाट्या मांडायची, डोळे मिटून वाट्यांची अदलाबदल करायची आणि जिभेवर थेंब घ्यायची. जवस कळायचं, कारण ते कडवट लागतं. बाकी तीन सारखीच. मुलीनं ऑलिव्हची बाटली ठेवून दिली होती, त्याचाही एक थेंब घेतला. ते घशाशी जाऊन ठसकलं आणि मला खोकला आला. त्या खोकल्याचा मला केवढा आनंद झाला. म्हणजे सहातले दोन ओळखता येणार. उरलेले चार अंदाजानं. आजारी पडावं, असंही मनात येऊन गेलं. भावाला ताडकळसहून फोन करायला सांगावं आणि त्या दिवशी माहेरी निघून जावं, इथपर्यंत मी ठरवलं होतं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

पाहुणे चौदा होते, एका छोट्या बसनं आलेले. काही परभणीचे, काही नांदेडचे, दोघं-तिघं पुण्याहून माहेरी-सासरी आलेले. एवढ्यांच्या भाकरी मला एकटीला होणार नव्हत्या, म्हणून मालकांनी थोरल्या जाऊबाईंना बोलावलं. मी त्यांना अक्का म्हणते. आमची घरं एका भिंतीला लागून आहेत, पण सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दिवाळीपासून बोलणं बंद होतं. तरी त्या आल्या. पदर खोचला, परात ओढली आणि माझ्याकडे न बघता पीठ मळायला बसल्या.

सकाळ चांगली गेली. ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरावर भाजली जात होती आणि माणसं डोळे मिटून श्वास घेत होती. काय वास सुटलाय, असं प्रत्येक जण म्हणत होता. मीही म्हणत होते. माझ्या तोंडात हुरडा म्हणजे गरम, मऊ, जरासं गोड काहीतरी होतं. एका बाईंनी विचारलं की दरवर्षी हुरड्याचा वास असाच येतो का, आणि मी हो म्हणून दुसरीकडे वळले. 

जेवणाआधी सगळे घाण्याच्या शेडमध्ये जमले. लांब बाकावर निळे पेले मांडलेले. पाहुण्यांसमोर प्रत्येकी सहा, आणि माझ्यासमोर वेगळे सहा, वर वाटीनं झाकलेले. मुलगी फार छान बोलली. पेला तळहातात धरून ऊब द्या, गोल फिरवा, मग झाकण काढून नाक आत घाला, घोट घेताना थोडी हवा आत ओढा. सगळ्यांनी तसं केलं. शेडमध्ये फुरफुर असा आवाज झाला आणि लोक हसले. मालक मोटरीजवळ हात बांधून उभे होते. अक्का शेडच्या दारात भाकरीची टोपली घेऊन उभ्या होत्या.

मग माझी पाळी आली. पहिला पेला उचलला, वास घेतल्यासारखं केलं, घोट घेतला. घसा ठसकला. “हे तुमचं बाहेरचं,” मी म्हणाले. टाळ्या पडल्या. दुसऱ्यात काहीच कळेना. मी तो खाली ठेवला, शेवटी सांगते म्हणाले. तिसरा कडवट. “जवस.” पुन्हा टाळ्या. चौथा घेतला. जिभेवर नुसता ओशटपणा. सगळे माझ्याकडे बघत होते. दोनदा घोट घेतला, गोल फिरवला, वेळ काढला. आता काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

“करडई,” मी म्हणाले. “एकदम ताजी.”

कुणी टाळी वाजवली नाही. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. समोर नांदेडचे एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी माझ्या हातातला पेला मागितला, नाकाजवळ नेला आणि अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले की ताई, मला हे खवट वाटतंय.

ते मुद्दाम ठेवलेलं खराब तेल होतं. मागच्या वर्षीचं, महिनाभर उन्हात ठेवलेलं शेंगदाण्याचं. मीच कॅन काढून दिला होता.

मुलगी हुशार होती. ती लगेच हसून म्हणाली की काकू तुमची परीक्षा घेत होत्या, बघा, सर पास झाले. सगळे हसले. सरही हसले. मीही हसले. ती थाप मी दोन्ही हातांनी धरली. वाटलं, सुटले. मालकांच्या चेहऱ्यावर आलेलं प्रश्नचिन्हही पुसलं गेलं.

पुढचा कार्यक्रम होता भाकरीबरोबर तेल चाखण्याचा. भाकरीचा तुकडा, त्यावर जवसाच्या तेलाची धार, वर मीठ आणि कारळाची चटणी. पेल्यांतलं जवस मुलीनं आधी ताजं नेलेल्या बाटलीतलं होतं; आता मी कॅनमधून तेल किटलीत घेतलं आणि परातीतल्या तुकड्यांवर धार धरली. परात घेऊन जायला अक्का पुढे आल्या. परात उचलली आणि तिथंच थांबल्या. खाली वाकून वास घेतला. मग परात परत बाकावर ठेवली.

“हे देऊ नका,” त्या म्हणाल्या. “हे बी खराब हाय.”

चार महिन्यांनी त्या माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. म्हणजे माझ्याशी असं नाही, सगळ्यांसमोर. पाहुण्यांचे हात मधेच थांबले. कुणीतरी विचारलं की हाही खेळाचाच भाग आहे का. मालक मोटरीजवळून तरातरा आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पाण्याचा राग पाहुण्यांसमोर काढायचा नसतो, असं ते दबक्या आवाजात अक्कांना म्हणाले, पण शेड लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं.  अक्का माझ्याकडे बघत होत्या.

मालकांनी मला विचारलं, “तू हुंगून ठिवलं व्हतंस न्हवं?”

तो कॅन पत्र्याच्या भिंतीला लागून होता. तिथं दुपारी ऊन येतं. जवस लवकर बिघडतं, हे मला माहीत होतं, आणि खडूची तारीख मी दोनदा बघितली होती. महिना उलटून गेला होता. तरी मी तो कॅन बदलला नव्हता, कारण तेल स्वच्छ दिसत होतं. मी हो म्हणाले असते तर मालकांनी अक्कांना हाताला धरून बाहेर काढलं असतं आणि चौदा माणसांनी ते तेल खाल्लं असतं. त्या चौदा जणांत एक सात महिन्यांची गरोदर मुलगी होती. सकाळपासून मी तिला बसायला खुर्ची देत होते.

“न्हाई,” मी म्हणाले. “अक्का खरं बोलायल्यात. मला वासच येत न्हाई. तापात गेला, तो आलाच न्हाई.”

  मालक वळले आणि शेडबाहेर गेले. बसजवळ जाऊन ड्रायव्हरशेजारी उभे राहिले, हे मला खिडकीतून दिसत होतं.

मी बाकाचा कोपरा धरून उभी होते. पाहुणे उठून जातील, मुलीकडे पैसे परत मागतील, झरीभर बोभाटा होईल, असं सगळं एकदम डोक्यात येत होतं. तेवढ्यात अक्कांनी ती परात उचलून बाहेर गुरांच्या टोपलीकडे नेली, मग थांबल्या, गुरांनाही नको म्हणून उकिरड्यावर टाकली. परत आल्या, हात धुतले आणि माझ्यासमोरचे पेले स्वतःकडे ओढले. दुसरा, पाचवा, सहावा, एकेकात नाक घातलं. “ही करडई. ही तीळ. हा शेंगदाणा, चांगला.” मुलीनं कागद बघून मान हलवली. यावेळी टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. मग अक्कांनी करडईचा नवा कॅन फोडला, झाकण उघडून आधी स्वतः वास घेतला, मग सरांच्या पुढे धरला. त्यांनी मान हलवल्यावर भाकरीवर धार धरली.

माणसं जेवली. करडईचं तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा त्यांना फार आवडला. जाताना बऱ्याच जणांनी बाटल्या नेल्या, प्रत्येक बाटली अक्कांनी हुंगून दिली. ती गरोदर मुलगी निघताना माझ्याजवळ आली. नुसता माझा हात दाबला आणि बसमध्ये चढली.

बस गेल्यावर मी चुलीपुढे बसले. अक्का भांडी गोळा करत होत्या. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं. त्या म्हणाल्या, “मागच्या उन्हाळ्यात तुझ्या चुलीवर दूध करपलं. माझ्या घरात वास आला. मी पळत आले, तर तू पातेल्याशेजारी बसून तांदूळ निवडायलतीस. तवाच कळलं.” मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की तू सांगशील म्हणून वाट बघत होते, आणि नंतर भांडण झालं, मग कशाला बोलू.

बस निघाली तसे शेताकडे गेलेले मालक अंधार पडायच्या आत परत आले. मला वाटलं होतं, तेलावरून बोलतील, कमीपणा आला म्हणतील. ते त्यावर बोललेच नाहीत. पायरीवर बसून ते म्हणाले, “तीन वर्षं मी तुला इचारायलोय, झालं का तेल. रोज इचारायलोय. आन् तू हो म्हणायचीस.” एवढंच.  त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला तेलाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, आणि ते मला फार जड गेलं.

त्या कॅनमधलं जवसाचं तेल आधीच काही घरांत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अक्का ते परत आणायला निघालो. अक्का स्वतःहून आल्या. पहिल्या दोन घरांत बाटली अजून उघडलीच नव्हती. तिसऱ्या घरात नुकतीच बाळंत झालेली सून होती. मी उंबऱ्यातच थांबले. अक्कांनीच सांगितलं. त्या घरची सासू आत गेली, अर्धी झालेली बाटली घेऊन आली.

“वास येत व्हता,” ती म्हणाली. “पन तुमी हुंगून दिलेलं. मग म्हणलं, आपलंच नाक बिघडलं आसंल.”

सुनेनं दोनच दिवस खाल्लं होतं, पोट जरा बिघडलं, आता बरी आहे, असं सासूनं सांगितलं. वर चहा ठेवते म्हणाली. मी नको म्हणाले. बाळ आत रडत होतं. मी त्या बाटलीचं बूच घट्ट लावलं, सैल केलं, पुन्हा घट्ट लावलं. ती मला एखादा वाईट शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. रस्त्यात अक्का म्हणाल्या की बाळंतीण बरी आहे ना, मग झालं. पण माझं झालं नाही. अजूनही त्या घरावरून जाताना मी पावलं भराभर टाकते.

नंतर परभणीला डॉक्टरांकडे गेले, मालक बरोबर होते. डॉक्टरांनी नाकात नळी घालून बघितलं. इतक्या दिवसांनी येईल असं सांगता येत नाही, येणारच नाही असंही नाही, म्हणाले. रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी असं काही हुंगायला सांगितलं. मी हुंगते. अजून काही नाही.

आता घाण्यावर कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधीच सांगून टाकते, मला वास येत नाही, तेल अक्का बघतात. काही बायांनी यायचं बंद केलं. काही जणी येतात, पण अक्का घरी असतील तेव्हाच. परवा त्या मुलीचा फोन आला, उन्हाळ्यानंतर पुन्हा एक बस आणू का म्हणून. मी लगेच हो म्हणाले नाही. तिला थांबायला सांगितलं, हात पुसले आणि भिंतीपलीकडे हाक मारून अक्कांना विचारलं की तुमी येणार का. त्या काहीतरी निवडत होत्या.  फोन कानाला लावून मी तशीच उभी राहिले.

मग भिंतीपलीकडून आवाज आला, तारीख इचार.